बुरुजावरचं पाणी

तिसरी बाटली पिशवीत बसेना. धम्मपालनं भाकरीचं फडकं बाहेर काढलं, बाटली आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, आणि शेवटी ती हातात धरून नुसताच उभा राहिला. बाहेर तांबडं फुटत होतं.

आकारामतात्या कॅम्पच्या स्वयंपाकघराच्या दारात उकिडवे बसून चहाचं पातेलं घासत होते. शुक्रवारची सुट्टी होती, माणसं अजून घोरत होती, त्यामुळे त्यांना दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला भरपूर सवड होती.

"तीन बाटल्या?" तात्या म्हणाले. "डोंगर चढायला चाललाईस का पाणपोई घालायला?"

"ऊन लई हाय की तात्या."

"आणि वर बुरूज हाय त्यो कशाला? बुरूज हाय म्हंजे टाकं हाय. पाण्याबिगर माणसं काय वारं खाऊन ऱ्हायली व्हय तितं?"

"व्हय, ते हाय म्हणा."

"मग उगं वझं करू नगंस. जाताना दोन ने, येताना वरनं भरून घे."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. धम्मपाल कोडोलीचा, त्याचं लहानपण पन्हाळ्याच्या पायथ्याशी गेलेलं. तात्यांचं गाव हातकणंगल्याच्या बाजूला, पण आजोळ पन्हाळ्याखालीच. तिकडच्या माणसाला गड म्हटलं की पाणी आलंच. गडावर दरवाजा उरला नसेल, तोफ कुणी उचलून नेली असेल, तट ढासळून त्यावर निवडुंग माजला असेल; पण कुठेतरी कातळात खोदलेलं टाकं असतं आणि त्यात, शेवाळलेलं का होईना, पाणी असतं. हे दोघांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की ओमानच्या उजाड मुलखात, मस्कतपासून चार तास आत, जिथे तीन वर्षांत धड चार वेळा पाऊस झाला नव्हता, तिथेही असंच असतं का, हे कुणाला विचारावं असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"एकटाच जाणार म्हण की," तात्या म्हणाले. "त्या जोसेफला तरी न्यायचास."

"त्यो आला की हात करणार. हिकडं सर, तिकडं सर."

तात्या हसले. त्यांना ते पुरतं कळलं असेल असं नाही. पातेल्याचं बूड आपल्यावर रुसलंय, अशा चेहऱ्यानं ते पुन्हा घासायला लागले.

धम्मपाल कंपनीच्या मोजणीच्या टोळीत पट्टी धरायचा. केरळचा जोसेफ दुर्बिणीच्या यंत्रामागे, आणि धम्मपाल समोर, कधी शंभर पावलांवर, कधी पाचशे, आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ धरून. जोसेफनं डावा हात हलवला की डावीकडे सरकायचं, उजवा हलवला की उजवीकडे, दोन्ही हात वर केले की थांबायचं, तीच जागा. आधी गावाकडे कालव्याच्या मोजणीवर बारा वर्षं, मग इथे रस्त्याच्या कामावर तीन. पंधरा वर्षांत तो शेकडो टेकाडांवर, नाल्यांत, काट्याकुट्यांत जाऊन उभा राहिला होता आणि त्यातल्या एकाही जागी आपण होऊन गेला नव्हता. हे दुःख कुणाला सांगावं असं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, पगार मिळतो ना वेळेवर? पगार वेळेवर मिळत होता.

बुरुजाचा डोंगर रोज समोर असायचा. हे नाव तात्यांनीच ठेवलेलं. खरं नाव काय, ते कॅम्पात कुणाला माहीत नव्हतं. पार उघडा, भाजलेल्या विटेच्या रंगाचा डोंगर, आणि माथ्यावर बोटाच्या पेराएवढा दिसणारा गोल बुरूज. जोसेफ सकाळी यंत्र लावलं की आधी त्या बुरुजावर नेम धरायचा, दिशा पक्की करायला. तीन वर्षांत सगळा रस्ता त्या बुरुजाकडे बघत बघत पुढे सरकला, पण त्याच्यापाशी कुणी गेलं नव्हतं, कारण तिकडे कुणाचं काही कामच नव्हतं. धम्मपालला तो डोंगर नेमका त्यासाठी हवा होता. परवा रविवारी त्याचं विमान होतं. करार संपला होता आणि पुन्हा यायचं नाही हे त्यानं बायकोला, ललिताला, फोनवर दोनदा सांगून टाकलं होतं. जायच्या आधी एका तरी जागी, जिथे कुणी हात करून धाडलेलं नाही, तिथे जाऊन उभं राहायचं. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं, आणि हे मात्र गेली दोन वर्षं होतं.

त्यानं तिसरी बाटली ओट्यावर ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"जेवायला येतोस न्हवं? कोंबडी हाय आज. घरची चटणी राखून ठेवलीय मी."

"सांज हुईल तात्या."

"मग झाकून ठेवतो. दमानं जा."

पायथ्याला पोचायला तासभर लागला. सूर्य वर आला तेव्हा तो चढणीला लागला होता, आणि खरं सांगायचं तर इतका खूश तो गेल्या कित्येक वर्षांत नव्हता. मनात आलं म्हणून डावीकडच्या घळीत शिरला, तिथून बरं वाटेना म्हणून उजव्या अंगाला आला. एकदा तर उगीचच दहा पावलं मागे गेला आणि पुन्हा पुढे आला. कुणी ओरडलं नाही. चौतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप असलेला माणूस एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारत होता, आणि ते बघायला तिथे साधा कावळाही नव्हता.

आपल्याकडचा डोंगर माणसाला जरा दमवतो आणि मग काहीतरी पुढे करतो. बसायला कातळ, वर करंजाची सावली, मूठभर करवंदं, गुरं घेऊन आलेलं कुणीतरी. या डोंगरानं तसं काही केलं नाही. सपाट चिपांसारखे दगड पायाखालून सरकत होते, आणि आठ वाजल्यापासून दगडांतूनच आच यायला लागली. टेकायला हात लावला तर चटका बसे. नवाच्या आत पहिली बाटली संपली. धम्मपालला त्याचं काही वाटलं नाही. पाणी जपून पिण्याची सवय त्याला लहानपणापासून होती, पण वर भरलेलं टाकं असताना जपायचं तरी कशाला? ते टाकं त्याला आता दिसायलाही लागलं होतं. कातळात खोदलेल्या चार पायऱ्या, त्यातली शेवटची पाण्यात बुडालेली, कडेला हिरवं शेवाळ. आधी तोंड धुवायचं, मग मान, मग सावकाश प्यायचं, असा क्रमसुद्धा त्यानं ठरवून टाकला.

साडेनवाच्या सुमाराला त्याला वाट सापडली.

डोंगराच्या सोंडेवरून ती तिरपी वर जात होती. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी अरुंद, पण वाटच. दगड पायांनी झिजून गुळगुळीत झालेले. बुरुजाकडे जाणारी जुनी वाट असणार. धम्मपालला हायसं वाटलं. आता चुकायचं भय नव्हतं. तो खाली मान घालून चालत राहिला, दर वळणावर एक घोट घेत राहिला, आणि पावणेअकराला त्यानं मान वर केली तेव्हा बुरूज एकदम जवळ आला होता. त्याचे दगड वेगवेगळे दिसत होते. एका अंगाला दाराचं काळं भोक होतं. फार तर चाळीस मिनिटं. बाटलीत चार बोटं पाणी होतं.

पायाखाली काहीतरी करकरलं.

त्यानं खाली पाहिलं. खापर होतं. लाल, जाड, आतून पांढुरकं. त्यानं ते उचललं. मडक्याच्या गळ्याचा तुकडा होता. मूठ जेमतेम आत जाईल एवढं तोंड. दोन पावलांवर दुसरा तुकडा होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की वाटेच्या डाव्या कडेला, डोंगराच्या बाजूनं, खापरंच खापरं पडली आहेत. जिथवर नजर जात होती तिथवर. काही वर उन्हात, काही मातीत अर्धी रुतलेली, काहींचा पार चुरा झालेला. तो इतका वेळ खाली बघून चालत होता आणि तरी ती त्याला दिसली नव्हती, कारण वाटेच्या मधोमध एकही नव्हतं. जे त्याच्या पायाखाली आलं, ते बहुधा घरंगळून आलं असावं.

धम्मपाल खाली बसला.

तो सात-आठ वर्षांचा असताना त्याची आई, चिमणाबाई, एका घाटरस्त्याच्या कामावर मुरूम वाहायला जायची. तोही बरोबर असे. कामावर पाणी वाटायला एक बाई होती, पण ती यांच्या लोकांना उंचावरून ओंजळीत ओतायची, आणि तेही तिला सवड झाली तर. म्हणून चिमणाबाई पहाटे ओढ्याला जाऊन आपला घडा भरायची आणि डोक्यावर घेऊन अर्धा घाट चढायची. एकदा तिचा पाय निसटला. घडा फुटला. ती क्षणभर तशीच बसली, मग गुडघ्यावर आली आणि एकेक तुकडा हातानं वाटेच्या कडेला सारायला लागली. त्याला रागच आला होता. फुटलं ते फुटलं, आता कशाला वेळ घालवायचा?

"मागनं येणाऱ्याच्या पायात जाईल की रं," ती म्हणाली होती.

मागून येणाऱ्या बायका अनवाणी होत्या.

इथेही कुणीतरी तुकडे कडेला सारले होते. एका घड्याचे नव्हे, दहांचे नव्हे. कितीतरी वर्षं इथून घडे वर गेले होते, त्यातले काही फुटले होते, आणि ज्याचा घडा फुटला त्यानं मागच्याच्या पायाची काळजी केली होती.

धम्मपालनं ते लगेच मानलं नाही. मडक्यात काय वाटेल ते असेल. तेल असेल, खजुराचा पाक असेल. त्यानं खापराच्या आतल्या बाजूला नख लावलं. पांढरा थर सुटून आला, खडूसारखा. कॅम्पातल्या पाण्याच्या पिंपाला, किटलीला, सगळ्यांना आतून धरायचा तोच थर. पाणी होतं. खालून वर नेलेलं पाणी. वर टाकं असतं तर ही माणसं घडे घेऊन कशाला चढली असती?

त्याला भीती वाटायला हवी होती. पण आधी आला तो राग. दोन वर्षं त्याला वाटत होतं की इथे कुणी कुणाला धाडलेलं नसेल. आणि इथे तर रोज धाडत होते. डोक्यावर घडा देऊन, अनवाणी, या असल्या दगडांवरून. कशासाठी, तर वर सावलीत बसून वाटा राखणाऱ्यांना तहान लागू नये. ज्या वाटेला तो इतका हरखला होता, ती त्यांचीच वाट होती. त्यांना वर टेकायला तरी मिळत असेल का, की रिकामा घडा घेऊन लगेच उलट्या पावली खाली? ते कोण होते, कुठल्या वस्तीतले, कुणाच्या ओळखीचे, काही कळायला मार्ग नव्हता. धम्मपालला मात्र ते ओळखीचे वाटले.

मग भीती आली. खाली उतरायला चार तास, आणि चार बोटं पाणी. वर चाळीस मिनिटं, आणि वर काही नाही. वर जाऊन परत फिरलं तर ऐन दुपारी याच ठिकाणी कोरड्या बाटलीनिशी यायचं. त्याच्या पुढचं त्याला दिसत होतं, आणि ते बघत बसण्यात अर्थ नव्हता.

तरी तो उठला आणि वरच्या दिशेनं चालायला लागला. पंधरा-वीस पावलं गेला. बुरूज तसाच समोर होता, दाराचं भोक उघडं. चाळीस मिनिटं म्हणजे काय, कोडोलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघण्यात जातात तेवढी. जीभ टाळूला चिकटली होती. तो थांबला. समोर कुणी दोन्ही हात वर केले नव्हते. आज थांब म्हणणारंही कुणी नव्हतं, त्यामुळे थांबायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं होतं.

तो वळला. वळताना त्याला रडू आलं, आणि रडण्यात अंगातलं पाणी जातंय म्हणून त्याचाही त्याला राग आला. हातातलं खापर त्यानं वाटेच्या कडेला, डोंगराच्या बाजूनं, बाकीच्यांच्यात ठेवलं.

उतरताना त्यानं मनात एक गोष्ट रचायला घेतली. गेलो वर. मोठा बुरूज आहे, आत जिना आहे, वरून आपला रस्ता अगदी करगोट्यासारखा दिसतो. कॅम्पात कोण विचारणार होतं पुरावा? ललिता तर विचारणारच नाही. पोरांना सांगता येईल. दोन-तीन वळणं गोष्ट चांगली जमली, मग जिन्याला किती पायऱ्या होत्या हे त्याला ठरवता येईना, आणि त्यानं तो नाद सोडला. दर शंभर पावलांनी तो फक्त ओठ ओले करत होता. बारा वाजून गेले. सावली पायाखाली आली.

खाली एका कातळापाशी त्याला निळं काहीतरी दिसलं.

आधी वाटलं, वाऱ्यानं आलेला प्लास्टिकचा कागद असेल. जवळ गेल्यावर दिसलं की तो पाण्याचा कॅन आहे, दहा लिटरचा, आणि त्याला दोन्ही पायांत धरून, डोक्यावर टॉवेल घेऊन, कातळाला पाठ लावून आकारामतात्या बसले आहेत.

"तात्या!"

तात्यांनी मान वर करायला वेळ लावला.

"आलास व्हय," ते म्हणाले.

"तुम्ही हितं कसं?"

"हितल्या वस्तीतला सलीम आलता सकाळी टँकर घिऊन." एकेक शब्द ते शोधून काढत होते. "त्याला म्हणलं, आमचं पोरगं बुरजावर गेलंय. म्हणलं, वर टाकं केवढं हाय? तर हसाय लागला. म्हणला, पानी ऊपर कहाँ, बाबा. हमारा दादा लोग नीचे से लेके जाता था."

"मग दुसऱ्या कुणाला धाडायचं की!"

"कोण हाय? बस गेलती सगळ्यांस्नी घिऊन बाजाराला. सलीमनं पायथ्याला, ह्या जुन्या वाटंच्या तोंडाशी आणून सोडलं. त्येला फुडं पाणी टाकायचं हुतं आणि तीन ठिकाणी." तात्या थांबले. "माझ्या शब्दावर गेलास न्हवं तू. दोन बाटल्या घिऊन."

धम्मपाल त्यांच्यासमोर बसला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. सकाळी पातेलं घासून उठताना गुडघ्याला हात लावून उठणारा. दहा लिटरचं ओझं घेऊन साडेतीन तास चढला होता, स्वयंपाकघरात घालायच्या चपला घालून. एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो पाय रक्तानं चिकट झाला होता. तात्यांचे ओठ पांढरे पडले होते.

त्यानं कॅन हलवला. पाणी हललंच नाही, इतका तो गळ्यापर्यंत भरलेला होता.

"तुम्ही प्याला न्हाईसा?"

"तुझं हाय ते."

"तात्या, अहो, दहा लिटर हाय की!"

"तू वर कशा हालात असशील काय ठावं? घोट घोट म्हणत म्हणत मीच अर्धं संपवलं असतं. म्हणून झाकणच काढलं न्हाय."

धम्मपालला त्यांना शिव्या घालाव्याशा वाटल्या आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. त्यानं यातलं काही केलं नाही. झाकण फिरवून काढलं आणि कॅन उचलून तात्यांच्या तोंडाशी नेला. तात्यांनी मान फिरवली.

"आदी तू."

"प्या म्हणतोय न्हवं."

"आदी तू, मग मी. इतक्या लांब आणलंय मी ते."

वाद घालण्यात वेळ जात होता. धम्मपालनं तोंड लावून दोन-चार घोट घेतले. पाणी कोमट होतं, त्याला प्लास्टिकचा वास होता, आणि ते गळ्यातून खाली जाताना त्याचे डोळे मिटले. मग त्यानं कॅन तात्यांच्या तोंडाला लावला. ते प्यायले, ठसकले, पुन्हा प्यायले. त्यांचा दंड धम्मपालनं दुसऱ्या हातानं धरला होता. कातळासारखा तापलेला, आणि कोरडा. एवढं चढून आलेल्या माणसाच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. कॅम्पाच्या फाटकाशी कंपनीनं एक फलक लावला होता, चार भाषांत. त्यात मराठी नव्हती, पण चित्रं होती. घाम बंद झालेला माणूस, शेजारी लाल फुली. पुढच्या चित्रात दुसरा माणूस त्याच्या अंगावर पाणी घालत होता.

"गेलतास का वर?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय."

"का रं?"

"वाटंत खापऱ्या घावल्या. घड्यांच्या. त्यावरनं कळलं, वर पाणी न्हाय. आलो माघारी."

"किती ऱ्हायलं हुतं?"

"चाळीस मिनटं."

तात्यांनी बुरुजाकडे पाहिलं. इथून तो पुन्हा लहान दिसत होता. मग एकदम त्यांच्या आवाजात जोर आला.

"मग जा की आता."

"कुटं?"

"वर! पाणी हाय न्हवं आता? आता बारा-साडेबारा झालं असतील. दोन-अडीचाला वर, अंधार पडायच्या आत खाली. मी बसतो हितं."

"हितं उनात?"

"ही काय सावली हाय की." तात्यांनी कातळाच्या बुडाशी असलेली वीतभर सावली दाखवली. "मला काय धाड भरलीय? जा तू. परवा विमान हाय तुझं, पुन्हा कवा येणार हाईस? दोन वर्सं ऐकतोय मी तुझा बुरूज, बुरूज. ह्यासाठनंच आणलंय मी पाणी, काय हितं बसून प्यायला न्हाय." त्यांनी हात उचलून बुरुजाकडे केला. "ऊठ. जा."

धम्मपालनं वर पाहिलं. खोटं कशाला बोला, त्याचे पाय उठले होते. सकाळपासून जे नव्हतं ते आता समोर होतं, गळ्यापर्यंत भरलेलं. वाट ठाऊक झाली होती. या खेपेला काही अडचण येणार नव्हती. चार वाजेपर्यंत तो परतीला लागला असता, आणि तात्या इथेच, याच कातळाशी बसून राहिले असते. तात्यांनी शब्द दिला होता. ते नक्की बसून राहिले असते.

तो उठला. तात्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

त्यानं तात्यांच्या डोक्यावरचा टॉवेल काढला, कॅन कलता करून तो पुरता भिजवला आणि पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग कॅन दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या मानेवर धार धरली.

"अरं!" तात्या दचकले. "अरं, काय करतोयास? पाणी हाय ते!"

धम्मपालनं धार थांबवली नाही. मानेवरून पाठीवर, दंडांवर, छातीवर. शर्ट अंगाला चिकटला. खाली सांडलेलं पाणी दगडावर पडल्या पडल्या नाहीसं होत होतं, डागसुद्धा मागे राहत नव्हता.

"सांडतोयास व्हय रं! मी काय आंघुळीला आणलंय हे? वर काय पिशील मग, माझं हाड?"

"हात फुडं करा."

"न्हाय करत! डोस्कं फिरलंय का तुझं? एवढ्या लांबनं आणलं मी... थांब म्हणतोय न्हवं!"

तात्या हात वर करकरून ओरडत होते, आणि ते मघापेक्षा जोरात ओरडत होते, हे धम्मपालनं ऐकलं. त्यांच्या रक्ताळलेल्या पायावर त्यानं थोडं ओतलं, अंगठ्यातली माती निघून गेली. मग थांबून कॅन जरा हलवून पाहिला. दोघांना खाली उतरायला तीन-चार बाटल्या पाणी लागणार होतं, तेवढं तो राखणारच होता. पण कॅन अजून अर्ध्याच्या वर होता. एक माणूस वर जाऊन येईल एवढं पाणी अजून आत होतं.

"बास झालं की आता!" तात्या ओरडले. "ऱ्हाऊ दे तेवढं तुला!"

धम्मपालनं कॅन पुन्हा त्यांच्या डोक्यावर कलता केला.